एक्क्याण्णवची सर नाही

प्रत्येक माणसाने आयुष्यात एखादी तरी गोष्ट अशी बघितलेली असावी, जी ओळखीतल्या दुसऱ्या कुणीच बघितलेली नाही. म्हातारपणी फार उपयोगी पडते. पद्माकर सरपोतदारांकडे अशी एक गोष्ट होती. अर्ल टॉलिव्हरची एक्क्याण्णव सालची कॉव्हेंट्रीतली मैफल. गेली चौतीस वर्षं पद्माकर त्या एका मैफलीच्या पुण्याईवर जगत होता.

अर्ल टॉलिव्हर म्हणजे टेनेसीचा कंट्री गायक. गाणं स्वतः लिहायचा, चाल स्वतः लावायचा, गिटार घेऊन गायचाही स्वतःच. गाण्यात हमखास एक ट्रक, एक कुत्रं आणि सोडून गेलेली एक बाई. पद्माकरचं म्हणणं, हे आपलं भावगीतच आहे हो, फक्त चांदण्याच्या जागी डिझेल. आणि एवढ्या मोठ्या गवयाला नुसतं अर्ल कसं म्हणायचं, म्हणून तो 'अर्लबुवा' म्हणायचा. त्याचं बघून सगळेच म्हणायला लागले.

सगळे म्हणजे 'कंट्री कट्टा'. व्हॉट्सॅपवरचा ग्रूप. इंग्लंडात कंट्री म्युझिक ऐकणारी अकरा मराठी माणसं. त्यातली चार बोलायची आणि सात जण सणाच्या दिवशी फुलं टाकायची. कट्ट्यावर गाण्याबद्दल फारसं बोलणं व्हायचं नाही. व्हायच्या त्या तुलना. बुवांचा आवाज बर्मिंगहॅमला जास्त लागला की मँचेस्टरला, दोन हजार अकराला त्यांनी शेवटचं गाणं का गुंडाळलं, टोपी कधीपासून बदलली. या खात्याचा मंत्री होता लंडनजवळच्या ईलिंगचा हरीश. बँकेतून रिटायर झालेला माणूस, मूळचा पुण्याचा, म्हणजे मत आधीपासूनच तयार. बुवांच्या त्याने बघितलेल्या चौदाही मैफलींची त्याच्याकडे वही होती. आवाज, गिटार, मधल्या गप्पा आणि टोपी असे चार रकाने, प्रत्येकाला दहापैकी मार्क. 'लास्ट गेट ऑन द लेफ्ट' या गाण्याला तर वेगळं पानच होतं. हे गाणं रेकॉर्डवर चांगलं धडाडत होतं, ड्रमबिम वाजवत. आणि स्टेजवर मात्र बुवा ते अगदी हळू, पुटपुटल्यासारखं गायचे. ते हळू कधी झालं आणि का झालं, यावर हरीशने एकवीस वर्षं चिंतन केलं होतं. त्याचा सिद्धांत असा, की दोन हजार तीनच्या सुमारास बुवांना वैराग्य आलं.

"तीन सालचं बर्मिंगहॅम म्हणजे कळस," हरीश फोनवर म्हणायचा. "आवाज नऊ, गिटार साडेआठ, टोपी दहा."

"असेल," पद्माकर म्हणायचा. मग थोडा वेळ थांबायचा. या थांबण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. "पण एक्क्याण्णवची सर नाही."

झालं, चर्चा संपली. एक्क्याण्णवला हरीश इंग्लंडात आलेलाच नव्हता. वहीत त्या मैफलीसमोर चारही रकाने कोरे होते आणि ते त्याला दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखे सलायचे.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण पद्माकर काही ती आपण होऊन सांगणार नाही. एक्क्याण्णवला तो हॉलमध्ये होता, यात खोटं काहीच नाही. तिसऱ्या रांगेत होता. पण तेव्हा तो कारच्या फॅक्टरीत नाइट शिफ्टला होता. लागोपाठ पाच रात्री झालेल्या, सहावी डोक्यावर, म्हणून निळा ओव्हरऑल अंगात घालूनच आला होता. कार्यक्रम संपला की तिथूनच कामावर. खुर्ची मऊ होती, हॉल गरम होता, दुसऱ्या गाण्याला त्याने दाद म्हणून डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा बाहेर पडणारी माणसं त्याच्या पायांवरून जात होती.

बायको बरोबर होती, पण मधुमती तरी काय सांगणार. चार महिन्यांच्या शाल्मलीने पहिल्याच गाण्यात भोकाड पसरलं आणि मधुमतीने सगळी मैफल बाहेरच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत काढली. ती आत आली तेव्हा सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि एकच माणूस तोंड उघडं टाकून बसला होता. तो तिचा होता.

"कसं झालं?" पद्माकरने बसमध्ये विचारलं होतं.

"मला काय विचारता," मधुमती म्हणाली होती. "मी डायपर बदलत होते."

नवरा-बायकोच्या या संयुक्त अज्ञानातून पुढची चौतीस वर्षं उभी राहिली.

तर या वर्षी बुवांचा निरोपाचा दौरा जाहीर झाला. वय वर्षं त्र्याऐंशी. शेवटचे सहा कार्यक्रम आणि त्यातला एक कॉव्हेंट्रीला, त्याच हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीन वाजता. रात्री आठनंतर बुवा आता स्वतःच जागे राहत नाहीत, असं दौऱ्याच्या पत्रकात थोड्या सभ्य शब्दांत लिहिलं होतं. कट्ट्याची ताबडतोब व्हिडिओ मीटिंग झाली.

"शेवटचा दौरा म्हणजे तुलनेचं काम आता पूर्ण करता येईल," हरीश म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जनगणना संपत आलेल्या अधिकाऱ्याचं समाधान होतं. "फक्त एक जागा रिकामी आहे. पद्माकर, बैस आणि मला एक्क्याण्णवची गाणी सांग. क्रमाने. आणि 'लास्ट गेट' तेव्हा फास्ट होतं की स्लो, ते आधी सांग."

मराठी माणसाला अडचणीचा विषय बदलायचा असेल तर एक रामबाण उपाय आहे, आणि तो पद्माकरच्या तोंडून आपोआप निघाला.

"ते होईल रे. पण मला वाटतं, आपण बुवांचा सत्कार केला पाहिजे."

अर्ध्या सेकंदात फुलं टाकणारे सात जणसुद्धा बोलायला लागले. शाल, श्रीफळ, मानपत्र. गाण्यांची यादी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. पद्माकर पाणी प्यायला आणि आपण वाचलो असं त्याला वाटलं. हे वाटणं दोन आठवडे टिकलं.

शालीचा प्रश्न नव्हता. कॉव्हेंट्रीत मराठी मंडळात तीस वर्षं काढलेल्या घरात शाली विकत घ्याव्या लागत नाहीत, त्या साठतात. मधुमतीने कपाट उघडलं आणि पद्माकरला गणपतीच्या मखराचं वायरिंग वीस वर्षं केल्याबद्दल मिळालेली मरून रंगाची शाल काढली. तिची घडी अजून मोडलेली नव्हती. नारळ तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. परवानगीचं काम आश्लेषाकडे दिलं. आश्लेषा नागपूरची, रेडिंगला सॉफ्टवेअरमध्ये, कट्ट्यावर सगळ्यात धाकटी आणि इंग्लिश ईमेल लिहिण्यात तरबेज. तिने हॉलला सरळ, मुद्देसूद ईमेल केला: आम्ही अकरा जण कार्यक्रमाआधी मिस्टर टॉलिव्हर यांना भेटून त्यांच्या अंगावर एक कापड घालू आणि हातात एक नारळ देऊ.

हॉलकडून उत्तर आलं: नारळाचा उद्देश कृपया स्पष्ट करावा.

आश्लेषाने त्यांना धीर यावा म्हणून लिहिलं, की काळजी नको, नारळ तिथे फोडला जाणार नाही.

यावर हॉलने चार पानी फॉर्म पाठवला.

फॉर्म शाल्मलीकडे गेला. ज्या शाल्मलीने एक्क्याण्णवला भोकाड पसरलं होतं ती आता कौन्सिलमध्ये हेल्थ अँड सेफ्टीला होती आणि असले फॉर्म हीच तिची रोजीरोटी होती. ती शनिवारी लॅपटॉप घेऊन आई-बाबांच्या किचनमध्ये बसली.

"बाबा, इथे कॅटेगरी निवडायची आहे. फायर, अॅनिमल्स, स्मोक मशीन, शार्प ऑब्जेक्ट. नारळ कुठला?"

"नारळ म्हणजे मांगल्याचं प्रतीक आहे, असं लिही."

"ते ऑप्शन नाही आहे. मी 'हेवी ब्लंट ऑब्जेक्ट' टाकते. बाबा, वेट किती आहे त्याची?"

मधुमतीने नारळ किचनच्या काट्यावर ठेवला. सहाशे दहा ग्रॅम. शाल्मलीने लिहिलं. पुढचा प्रश्न होता, ही वस्तू कलाकाराच्या दिशेने फेकली जाण्याची शक्यता किती. पद्माकरचा चेहरा उतरला.

"आजपर्यंत कुठल्याही सत्कारमूर्तीच्या अंगावर कुणी नारळ फेकलेला नाही," तो म्हणाला.

"मंडळाच्या निवडणुकीच्या वर्षी फेकणार होते," मधुमती म्हणाली.

शेजारचे ट्रेव्हर कुंपणावरून हे सगळं ऐकत होते. ट्रेव्हर जन्माने कॉव्हेंट्रीचे. रिटायर झाल्यापासून परसात मॅरो, म्हणजे इंग्रजांचा दुधी, भोपळ्याएवढा पिकवायचे आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर त्यांच्याकडे तेच उत्तर असायचं. त्यांनी सुचवलं, की नारळापेक्षा मॅरो द्यावा. दिसायला भारदस्त, लागला तर इजा नाही, आणि टेनेसीत तो मिळत असेल असं त्यांना वाटत नाही. शिवाय आपला मॅरो गेल्या वर्षी भाज्यांच्या स्पर्धेत दुसरा आला होता. पद्माकरने आभार मानले. ट्रेव्हरना ते नकार म्हणून कळले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी मॅरो होता. पुढचे चार दिवस मधुमतीने त्याची भाजी, कोशिंबीर आणि शेवटी थालीपिठं केली.

तिसऱ्या ईमेलनंतर परवानगी आली. अटी अशा: नारळ एकच. पारदर्शक पिशवीत. प्रत्यक्ष देण्याच्या क्षणापर्यंत एका जबाबदार व्यक्तीच्या हातात. जबाबदार व्यक्ती म्हणून शाल्मलीचं नाव. पद्माकरला जरा लागलं. आणि त्याच ईमेलच्या खाली बुवांच्या मॅनेजर बाईंची, कोलीनची, एक ओळ होती. आश्लेषाने ती हौसेने ग्रूपवर टाकली.

ओळ अशी होती. अर्ल खूश आहेत. ते विचारताहेत, तुमच्यापैकी कुणी एक्क्याण्णवच्या कार्यक्रमाला होतं का? त्या संध्याकाळी मधेच एक गोष्ट घडली होती. त्याबद्दल तिथे असलेल्या माणसाला त्यांना बरीच वर्षं काही विचारायचं आहे.

पद्माकर सोफ्यावर बसून मेसेज वाचत होता. खाली हरीश टाइप करतोय असं दिसलं. मग थांबलं. मग पुन्हा दिसलं.

'काय घडलं होतं रे?' हरीशने लिहिलं. 'चौतीस वर्षांत हे कधी बोलला नाहीस.'

पद्माकरने तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी पाठवलं, 'प्रत्यक्षच सांगेन. लिहिण्यासारखं नाही.' हे वाक्य इतकं वजनदार झालं, की सगळ्या कट्ट्याने हात जोडले.

त्या दिवसापासून पद्माकरची झोप उडाली. ज्या माणसाचं मूळ दुखणं झोप लागणं हे, त्याची झोप उडणं यात काहीतरी न्याय असेल, पण रात्री दोनला छताकडे बघताना न्यायाचं कौतुक वाटत नाही. तीन आठवडे होते. त्याने शोध सुरू केला. लायब्ररीत जाऊन जुन्या स्थानिक पेपरची फिल्म मशीनवर लावून घेतली. परीक्षण सापडलं. सहा ओळी, त्यातल्या चार पार्किंगवर. उरलेल्या दोनांत लिहिलं होतं, की उत्तरार्धात एक अनपेक्षित हृद्य प्रसंग घडला, तो उपस्थितांना चिरकाल स्मरणात राहील. काय प्रसंग, ते लिहायची पेपरला गरज वाटली नव्हती, कारण उपस्थितांना तो स्मरणात राहणारच होता.

इंटरनेटवर इंग्लिश चाहत्यांचा एक जुना फोरम होता. तिथे त्याने दुसरं नाव घेऊन विचारलं. एकाने सांगितलं लाइट गेले होते. एकीने सांगितलं बुवा रडले होते. न्यूनीटनच्या एका गृहस्थाने लिहिलं की स्टेजवर घोडा आला होता, पण ते प्रत्येक मैफलीबद्दल तेच लिहितात. ट्रेव्हरना विचारलं तर ते म्हणाले, मी त्या दिवशी फुटबॉलला होतो, आपण हरलो.

"खरं सांगून टाका," मधुमती म्हणाली. ती शालीला इस्त्री करत होती.

"चौतीस वर्षांनी?"

"मग काय पस्तिसाव्या वर्षी सांगणार?"

"अगं, हरीशला काय वाटेल? मी दर वेळी त्याचं बर्मिंगहॅम पाडलंय. एकदा नाही, शंभरदा. तो माणूस शंभर-शंभर मैल गाडी चालवून टोपीचे मार्क द्यायला जायचा, आणि मी त्याला काय सांगायचो?"

"सर नाही म्हणायचात."

"कशाच्या जोरावर?"

"घोरण्याच्या," मधुमती म्हणाली आणि शालीची दुसरी बाजू घेतली. "मला तरी कुठे ऐकायला मिळालं. मी काही सर-बिर काढत बसले का कुणाची?"

हे ती सहज म्हणाली, पण पद्माकर उठून आतल्या खोलीत गेला. मग त्याने एक भाषण तयार केलं. कुठलीही घटना घडली असली तरी चालेल असं. 'त्या क्षणी आम्ही सगळे स्तब्ध झालो.' लाइट गेले तरी माणूस स्तब्ध होतो, बुवा रडले तरी होतो, आणि घोडा आला तर होतोच होतो.

रविवारी दोन वाजता कट्टा हॉलच्या दाराशी जमला. अकरापैकी पाच. बाकीच्यांनी फुलं पाठवली होती, अर्थात फोनवर. हरीश ईलिंगहून वही घेऊन आला होता. सिक्युरिटीचा धिप्पाड माणूस शाल्मलीच्या हातातली पारदर्शक पिशवी बघत राहिला. नारळाला शेंडी होती. त्याने शेंडीला हलकेच बोट लावून बघितलं.

"आत काय आहे?"

"पाणी," शाल्मली म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा पडला, कारण ती त्याच खात्यातली होती आणि पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

"बाहेरचं ड्रिंक आत नेता येत नाही," तो म्हणाला.

शाल्मलीने फॉर्म काढला. चार पानं, सही, शिक्का. त्याने चारही पानं वाचली. मागे लाइन लागली, टोप्या घातलेल्या सत्तरीच्या बायका-पुरुषांची, सगळे माना वर करून नारळ बघत होते. शेवटी त्याने मान डोलावली आणि त्याच क्षणी त्याचा हात हरीशच्या बॅगेवर पडला. त्यातून दुसरा नारळ निघाला.

"मी म्हटलं, एखादा नासका निघाला तर असू द्यावा," हरीश म्हणाला.

"फॉर्ममध्ये एकच आहे, हरीशकाका," शाल्मली दातओठ खाऊन म्हणाली.

हरीशचा नारळ क्लोकरूममध्ये गेला. त्याबदल्यात त्याला सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला मिळाला. बँकेत तीस वर्षं ऑफिसर असलेला माणूस बिल्ला हातात धरून उभा राहिला तेव्हा एरवी पद्माकरला गुदगुल्या झाल्या असत्या. पण आज तो मनातल्या मनात भाषण घोकत होता.

कोलीन त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. बुवा खुर्चीत बसले होते. उंच, वाळलेले, गुडघ्यावर टोपी, दोन्ही कानांत यंत्रं. सत्कार सुरू झाला. पद्माकरने शाल उलगडली आणि पांघरली. ती घसरली, पुन्हा पांघरली. बुवांनी तिचा काठ दोन बोटांत धरून बघितला आणि हसले. शाल्मलीने जबाबदार व्यक्ती या नात्याने नारळ वडिलांच्या हाती दिला, वडिलांनी बुवांच्या. बुवांनी तो कानाजवळ नेऊन हलवला. आतलं पाणी ऐकून ते लहान मुलासारखे खूश झाले. आश्लेषा फोटो काढत होती. सगळं इतकं नीट चाललं होतं, की आता काहीच होणार नाही असं पद्माकरला वाटायला लागलं.

"तर," बुवा म्हणाले, "एक्क्याण्णवला इथे कोण होतं?"

चार माणसं एक पाऊल मागे सरली. पद्माकर होता तिथेच राहिला, त्यामुळे तो आपोआप पुढे आला. हरीशने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"सर," पद्माकरने सुरुवात केली, "त्या क्षणी आम्ही सगळे..."

आणि तो अडकला. समोर त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, अंगावर आपल्या मखराची शाल, पुढे झुकून ऐकतोय. स्तब्ध हा शब्द पद्माकरच्या घशाशी आला आणि तिथेच बसला. त्याने एकदा मधुमतीकडे बघितलं. ती काहीच खुणावत नव्हती, नुसती बघत होती. 

"मी झोपलो होतो," पद्माकर हळूच म्हणाला.

"काय?" बुवांनी कानामागे हात धरला.

"मी झोपलो होतो, सर."

"मोठ्याने बोल बाबा. यंत्राची बॅटरी जुनी आहे."

"मला झोप लागली होती!" पद्माकर ओरडला. आवाज खोलीतून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून स्टेजपर्यंत गेला. तिथे माइक तपासणारा माणूस तपासायचा थांबला. "दुसऱ्या गाण्याला! शेवटपर्यंत! मी काहीही ऐकलेलं नाही!"

हरीशच्या हातातून पेन पडलं. ते घरंगळत बुवांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. कुणी उचललं नाही.

बुवा पद्माकरकडे बघत राहिले. मग त्यांनी नारळ मांडीवर ठेवला.

"तिसरी रांग," ते म्हणाले. "निळा ओव्हरऑल."

पद्माकरने मान हलवली.

"थंडीत सकाळी जुना ट्रॅक्टर सुरू करताना होतो ना, तसा आवाज येत होता," बुवा म्हणाले. ते इंग्लिशमध्ये बोलत होते, पण गावाकडच्या ओट्यावर बसल्यासारखे. "आधी मला वाटलं, स्पीकर बिघडला. मग तू दिसलास. लोक तुला हलवायला निघाले होते, मी हाताने नको म्हटलं. माझा बाप कापडाच्या मिलमध्ये रात्रपाळी करायचा. रविवारी चर्चमध्ये असाच झोपायचा, असंच तोंड उघडं टाकून. मग आई आम्हां पोरांना चिमटा काढायची, हळू गा म्हणून. त्या दिवशी पुढचं गाणं होतं 'लास्ट गेट'. ड्रमवाल्याला मी काठ्या खाली ठेवायला सांगितल्या आणि हळू गायलो. तू उठू नयेस म्हणून. दोन हजार माणसं श्वास रोखून बसली होती, कुणी खोकलंसुद्धा नाही. ते गाणं मी लिहिलं होतं, पण ते कशाबद्दल आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर कधी फास्ट गायलो नाही."

बुवांनी मांडीवरचा नारळ एकदा फिरवला.

"एकच विचारायचं होतं," बुवा म्हणाले. "टाळ्यांनी तुझी झोप मोडली का रे? तेवढी रुखरुख होती."

"नाही सर," पद्माकर म्हणाला. "अजिबात नाही. ही उठवायला आली तेव्हा उठलो."

"मग झालं तर," बुवा म्हणाले, आणि चौतीस वर्षांचं काहीतरी खांद्यावरून उतरल्यासारखे मागे टेकले. पद्माकरच्या खांद्यावरून त्याच वेळी तेवढंच काहीतरी उतरलं, पण ते कुणी बघितलं नाही, कारण सगळे हरीशकडे बघत होते.

हरीश वहीचं ते वेगळं पान उघडून बसला होता. एकवीस वर्षांच्या नोंदी, बारीक अक्षरात.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "मी तुझ्या घोरण्याला वैराग्य म्हणत होतो?"

"सॉरी रे," पद्माकर म्हणाला.

"सॉरी काय. बर्मिंगहॅमला मी त्या गाण्याला रडलो होतो, गाढवा." हरीशने खाली वाकून पेन उचललं, झटकलं. "आता एक्क्याण्णवला मार्क कसे द्यायचे ते सांग. आवाज कुणाचा धरू, त्यांचा की तुझा?"

"काका, तुम्ही तर त्या गाण्याचे को-रायटर झालात," आश्लेषा म्हणाली.

"बाबा, मला पण क्रेडिट पाहिजे," शाल्मली म्हणाली. "मी रडली नसती तर आईने तुम्हाला उठवला असता."

यात तथ्य होतं. मधुमतीने मान डोलावली.

तीन वाजता मैफल सुरू झाली. बुवा स्टेजवर आले ते मरून शाल खांद्यावर घेऊनच. नारळ त्यांनी शेजारच्या स्टुलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला. टोप्या घातलेल्या लोकांना तो काय आहे ते कळलं नाही, पण टाळ्या त्यालाही पडल्या. कट्टा तिसऱ्या रांगेत होता. हरीशची वही मांडीवर मिटलेली होती. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं. खुर्ची मऊ होती, हॉल गरम होता. तीन आठवडे छताकडे बघितलेला, सगळं सांगून मोकळा झालेला माणूस. पद्माकरने दाद म्हणून डोळे मिटले.

हरीशने कोपर उगारलं. मधुमतीने त्याचा हात धरला.

"राहू द्या भावजी," ती कुजबुजली.

बुवांनी स्टेजवरून तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मग गिटारवर बोटं आणखी हलकी टाकली आणि 'लास्ट गेट' गायले. शेतातली वाट, संध्याकाळ, आणि डाव्या हाताचं शेवटचं फाटक कुणीतरी आपल्यासाठी उघडं ठेवलेलं. मधुमती पहिल्यांदाच पूर्ण गाणं ऐकत होती. पॅसेज नाही, डायपर नाही. तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला आणि परत काढला.

बाहेर पडायला साडेपाच झाले. क्लोकरूमच्या बाईने हरीशला सत्तेचाळीस नंबरचा नारळ दोन्ही हातांनी परत दिला. तो त्याने मधुमतीला दिला, खोबऱ्याच्या वड्यांसाठी, निम्म्या वड्या आपल्या या बोलीवर. बसमध्ये पद्माकर खिडकीशी बसला. डोळे चोळले, गालावरचा खुर्चीचा वळ चाचपला. बस निघाली. त्याला एकदम हलकं वाटत होतं, शाळा सुटल्यासारखं.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

मधुमतीने मांडीवरचा नारळ कानाजवळ नेला, हलवला, पाणी ऐकलं. थोडा वेळ थांबली. या थांबण्यात आता तिचाही हात कुणी धरला नसता.

"छान झालं," ती म्हणाली. "पण एक्क्याण्णवची सर नाही."